जॉर्डन : दगड बघायला गेलो, पाणी बघून आलो

सुगरण_नसलेली

मागच्या महिन्यात आठ रात्री जॉर्डनला जाऊन आलो. आम्ही तिघं : मी, नवरा आणि सासरे. प्रवासवर्णन लिहायचा माझा पिंड नाही, पण निघण्याआधी इथलेच चार-पाच जुने धागे उपसले होते, त्याची ही परतफेड.

आधी सासऱ्यांबद्दल सांगते, कारण शीर्षक त्यांच्यामुळे सुचलंय. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. कुठेही गेलं की पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर आपण गादी दाबून बघतो, हे नळ सोडून धार बघतात. त्यांना पेट्राला नेताना मला धाकधूक होती. "कोरलेले दगडच ना?" असं त्यांनी विमानात दोनदा विचारलं होतं.

पेट्राचं दार सकाळी सहाला उघडतं. आम्ही सव्वासहाला आत. दारापासून थोडं चाललं की सिक लागते. सिक म्हणजे घळ. भूगर्भातल्या हालचालींनी डोंगर उभा दुभंगला आणि नंतर पाण्याने त्याच्या कडा घासून गुळगुळीत केल्या. साधारण सव्वा किलोमीटर लांब, काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर रुंद, दोन्ही बाजूंना मान मोडेपर्यंत उंच भिंती. सगळे जण फोन हातात तयार ठेवून भराभरा पुढे सरकत असतात, कारण शेवटच्या वळणावर फटीतून 'खजिना' म्हणतात ती डोंगरात कोरलेली इमारत दिसते आणि तो फोटो प्रत्येकाला हवा असतो.

आम्हीही तसेच निघालो होतो. पन्नास पावलं गेल्यावर लक्षात आलं, बाबा मागे राहिलेत. परत गेले तर ते भिंतीशी वाकून उभे. कमरेच्या उंचीवर दगडात खोदलेली खाच होती आणि तिच्यात भाजक्या मातीच्या नळ्या. हातभरही लांब नसतील, एकीचं तोंड दुसरीत बसवलेलं, सांधे चुन्याने बुजवलेले. एका नळीचा वरचा भाग फुटला होता आणि आत पांढरट थर दिसत होता, आपल्या गिझरच्या कॉइलवर बसतो तसा. बाबा हात न लावता वितीने हवेतच माप घेत होते.

"सूनबाई, ही पाइपलाइन आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची."

मग पलीकडच्या भिंतीकडे बोट. तिकडे दगडातच कोरलेला पाट. मध्ये मध्ये त्यात खोलगट खड्डे. ते गाळ बसायला, असं त्यांनी लगेच सांगितलं. "उतार बघ किती सावकाश दिलाय. जास्त दिला असता तर पाणी उसळून सांधे फुटले असते."

खजिन्यापर्यंतचा रस्ता लोक पाऊण तासात संपवतात, आम्हाला पावणेदोन तास लागले. नवरा वैतागला. मीही थोडी. पण खरं सांगते, त्यानंतर पेट्रा मला वेगळंच दिसायला लागलं. पेट्रा वसवणारे नबातियन लोक मुळात वाळवंटात उंटांचे तांडे हाकणारे. धूप आणि मसाल्यांच्या व्यापारावर गब्बर झाले. पण या रखरखीत खोऱ्यात हजारो माणसांचं शहर उभं राहिलं ते मसाल्यांवर नाही. गावाबाहेरच्या आइन मुसा झऱ्याचं पाणी नळीतून आणायचं, पावसाचा थेंब न् थेंब टाक्यांत साठवायचा, आणि पुराचं पाणी शहरात घुसू द्यायचं नाही, या तीन गोष्टी जमल्या म्हणून ते राहू शकले. सिकच्या तोंडाशीच त्यांनी बांध घातला होता आणि पुराचा लोंढा डोंगरातून बोगदा खोदून बाजूला वळवला होता. सगळे जण तो बोगदा उजव्या हाताला टाकून पुढे जातात. आम्ही अर्थातच तसे पुढे गेलो नाही.

सिकमध्ये आणखी एक गोष्ट बघायची चुकवू नका. डाव्या भिंतीवर उंटांच्या तांड्याचं शिल्प आहे. वरचा भाग पार झिजून गेलाय. उरलेत ते उंटांचे पाय आणि त्यांच्या शेजारी चालणाऱ्या माणसाची पावलं. मला ते खजिन्यापेक्षा जास्त आवडलं.

खजिना (अल-खझने) अर्थात थक्क करतोच. जवळजवळ चाळीस मीटर उंच, गुलाबी वालुकाश्मात वरून खाली कोरत आणलेला. नावात खजिना असला तरी आहे ती राजघराण्याची कबर. वरच्या दगडी कलशात फॅरोने सोनं लपवलंय अशी स्थानिक बेदुइनांची समजूत होती, त्यामुळे त्या कलशावर बंदुकीच्या गोळ्यांच्या खुणा आहेत. कलश भरीव दगडाचा आहे. गोळ्या वाया.

बाकी जेराश, मदाबा, वादी रम, मृत समुद्र सगळं केलं. त्याबद्दल कुणी विचारलं तर लिहीन, एका दमात होत नाहीये.

निवांत_मी

वाह! वाचनखूण साठवली. सासऱ्यांना आमचा नमस्कार सांगा.

प्रश्न : जॉर्डन पास घ्यावा की नाही? आणि पेट्राला किती दिवस द्यावेत? आमच्याकडे एकूण सहाच दिवस आहेत.

कावळा

पेट्राला एक दिवस पुरे. सकाळी अम्मानहून निघायचं, बघायचं, रात्री परत. आम्ही तसंच केलं. खजिना बघितला की बाकी सगळं त्याचीच लहान भावंडं आहेत. त्या आठशे पायऱ्या चढून मठापर्यंत (तीही दगडात कोरलेलीच इमारत) जाण्यात काय हशील होतं ते मला अजून कळलेलं नाही. भयंकर महाग देश, हे मात्र कुणी सांगत नाही.

सुगरण_नसलेली

निवांत_मी, पास जरूर घ्या, पण भारतातून निघायच्या आधी. सत्तर, पंचाहत्तर आणि ऐंशी दिनार असे तीन प्रकार आहेत, पेट्राला एक, दोन की तीन दिवस त्यानुसार. देशात किमान तीन रात्री राहणार असाल तर व्हिसाची चाळीस दिनार फीसुद्धा त्यातच माफ होते. जेराश, वादी रम, केराक, कुसैर अम्रा सगळं त्यात येतं. मदाबाचं चर्च आणि नेबो पर्वत येत नाहीत, ती चर्चच्या ताब्यात आहेत, तिथे वेगळं तिकीट.

कावळा, महाग आहे हे खरं. दिनार डॉलरला बांधलेला आहे, एका दिनाराला साधारण एक डॉलर एकेचाळीस सेंट. त्यामुळे "पाचच दिनार" ऐकून हुरळून जायचं नाही. पण तुमचा हिशेब मला पटला नाही. मुक्काम न करता पेट्रा बघणाऱ्याला नव्वद दिनार, देशात रात्र काढणाऱ्याला पन्नास, आणि पाच दिनार जास्त टाकले की दोन दिवस. दुसरा दिवस जवळजवळ फुकट असताना एका दिवसात कशाला पळायचं?

मठाचं म्हणाल तर मी दुसऱ्या दिवशी दुपारी चढले. चार वाजता पश्चिमेचं ऊन थेट त्यावर येतं. खजिना घळीत दबा धरून बसल्यासारखा आहे, मठ मोकळ्यावर. त्याच्या दाराचा उंबरठाच माझ्या छातीएवढा होता. समोरच्या टपरीत सेज घातलेला चहा मिळतो, तिथे बसून तासभर बघत राहिले. हशील एवढंच.

चष्मिष्ट

मस्त धागा. पेट्राच्या झगमगाटात जेराश हरवतं, म्हणून दोन शब्द.

जेराश म्हणजे जुनं गेरासा. अम्मानहून तासाभरावर. रोमन काळातलं इतकं सलग शहर क्वचित कुठे बघायला मिळतं : लंबगोल चौक, खांबांची रांग असलेला मुख्य रस्ता, त्याच्या फरशीवर रथांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या, खाली अजून शाबूत असलेली गटारं. सम्राट हेड्रियन येणार म्हणून इ.स. १२९-१३० च्या सुमारास बांधलेली कमान दारातच उभी आहे. सन ७४९ च्या भूकंपाने शहर पडलं, मग वाळू-मातीने झाकलं गेलं. म्हणूनच वाचलं म्हणायचं.

तिथे दोन गंमती. एक, आर्टेमिसच्या देवळाचे खांब. बारापैकी अकरा अजून उभे. तिथला एखादा म्हातारा खांबाच्या बुडाच्या फटीत चमचा खोचून दाखवतो. वाऱ्याने चमचा वरखाली होतो. म्हणजे एवढा अजस्र खांब हलतोय. हाताचं बोट तिथे ठेवलं तर कळतं. माझ्या पोटात गोळा आला होता. पण हे असं किंचित डोलता येतं म्हणूनच ते भूकंपात टिकले असं सांगतात.

दुसरी गंमत धागाकर्तीच्या सासऱ्यांसाठी. त्याच देवळाच्या आवारात सहाव्या शतकातल्या पाणचक्कीवर चालणाऱ्या दगड कापायच्या करवतीचे अवशेष सापडलेत. अर्धवट कापलेले खांबाचे तुकडे तसेच पडलेत, त्यांवर करवतीचे समांतर चरे स्पष्ट दिसतात. शेजारी यंत्राची प्रतिकृती करून ठेवली आहे. रोमनांनी देवाला उभे केलेले खांब त्यांच्या पणतू-खापरपणतूंनी पाण्याच्या जोरावर कापून फरशा केल्या!

दक्षिणेकडच्या नाट्यगृहात मध्यभागी उभं राहून बोलून बघा, आवाज वरच्या पायरीपर्यंत जातो. आम्ही गेलो तेव्हा अरबी पोशाखातले दोन निवृत्त सैनिक तिथे स्कॉटिश बॅगपाइप वाजवत होते. ब्रिटिश अमदानीतली सवय लष्करी बँडमध्ये राहून गेलीय. ऐकताना काय वाटावं ते कळेना.

सुगरण_नसलेली

चष्मिष्ट, अहो, ती करवत बघितली की! बाबा तिथून हलेनात. चाकाचा व्यास किती असेल यावर त्यांचा आणि गाइडचा अर्धा तास वाद झाला. गाइडला मराठी येत नव्हतं आणि बाबांचं इंग्रजी खात्यातल्या टिपणांपुरतं. तरी झाला.

मदाबाबद्दल लिहा ना कुणीतरी.

चष्मिष्ट

मीच लिहितो. मदाबात सेंट जॉर्ज चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकातला मोझेइकचा नकाशा आहे. पवित्र भूमीचा आजवर उरलेला सगळ्यात जुना नकाशा हाच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जुन्या चर्चच्या जागी नवं बांधताना तो पुन्हा उजेडात आला. बराच भाग गेलाय, पण जेरुसलेम आहे, त्यातला खांबांचा रस्ता मोजून घ्या इतका नीट. वरची दिशा पूर्व आहे, त्यामुळे पहिली पाच मिनिटं डोकं गरगरतं.

लोक जेरुसलेमपाशी गर्दी करतात. तुम्ही जॉर्डन नदी शोधा. नदीत मासे आहेत. खाली मृत समुद्राच्या तोंडाशी आलेला एक मासा तोंड फिरवून उलटा निघालाय. पुढे खारट पाणी आहे, मरायचं नाही मला, असं. चिमुकल्या दगडांनी त्या कारागिराने केलेला विनोद दीड हजार वर्षांनी कळतो आणि हसू येतं.

जलसंधी

धागा माझ्या विषयाचा निघाला. त्या माशाला आता परत फिरायला नदीही फारशी उरलेली नाही.

जॉर्डन नदीचं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी मृत समुद्रापर्यंत पोचतच नाही. इस्रायलने १९६४ पासून गॅलिलीच्या सरोवरातून ते कालव्या-नळांनी देशभर नेलं, सीरियाने यार्मूक या उपनदीवर धरणं घातली, जॉर्डनने स्वतः खोऱ्याच्या कडेने कालवा काढला. शिवाय दक्षिणेच्या टोकाला दोन्ही काठांवरचे पोटॅशचे कारखाने समुद्राचं पाणी उपसून मिठागरांत वाळवतात. परिणाम : पातळी दरवर्षी एक मीटरहून जास्त उतरते आहे. आज पृष्ठभाग समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून खाली आहे. जमिनीवर याहून खोल कोरडी जागा नाही, आणि ती दर वर्षी आणखी खोल होते आहे.

समुद्र मागे सरला की काठाच्या जमिनीखाली मिठाचे थर उरतात. त्यात गोडं भूजल शिरलं की मीठ विरघळतं, आत पोकळी होते आणि वरची जमीन एके दिवशी भसकन खाली जाते. त्यामुळे मृत समुद्राच्या काठी कुठेही गाडी थांबवून "छान एकांत आहे" म्हणत खाली उतरू नये. जिथे लोक उतरतात तिथेच उतरावं.

जॉर्डनमध्ये माणशी वर्षाला उपलब्ध पाणी १०० घनमीटरपेक्षा कमी आहे. टोकाची टंचाई म्हणायची रेषाच ५०० ची आहे. अम्मानमध्ये बहुतेक घरांना आठवड्यातून एखाद-दोन दिवस पाणी येतं. गच्च्यांवर टाक्यांची जी गर्दी दिसते ती त्यासाठी.

सुगरण_नसलेली

जलसंधी, बाबांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पट्टे सांग त्यांना."

मृत समुद्राच्या उतारावर एकाखाली एक आडवे पट्टे दिसतात. उन्हाळ्यात धरण आटलं की भिंतीवर पाण्याच्या जुन्या रेषा दिसतात ना, अगदी तसे. आमच्या हॉटेलातून पाण्यापर्यंत जायच्या पायऱ्यांना जोड देत देत खाली नेलंय. वरच्या टप्प्यावरचा जीवरक्षकाचा जुना कठडा आता भलत्याच उंचीवर अधांतरी वाटतो. पट्टे मोजत बाबा बराच वेळ काठावर उभे होते. पाण्यात उतरले नाहीत.

नवरा उतरला. त्याने सकाळी गुळगुळीत दाढी केली होती. इथे चार जणांनी "आदल्या दिवशीपासून दाढी करू नका" असं लिहिलेलं मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. पुढचं लिहीत नाही.

तरंगण्याबद्दल एकच : तरंगणं सोपं, उभं राहणं अवघड. पाय खाली जायला तयारच नसतात. पालथं झालात तर घाबरून तोंड आत जाऊ शकतं. बसल्यासारखं मागे रेलायचं, आणि उठताना गुडघे पोटाशी घेऊन हळूच पाय खाली सोडायचे. पाणी अंगावर तेलासारखं बुळबुळीत लागतं. बाहेर आल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुवायचं.

मुक्काम_पोस्ट

वादी रमला राहिलात का? आमचा अनुभव मिश्र. फोटोत पारदर्शक बुडबुड्याचा तंबू, आत पडल्या पडल्या तारे. प्रत्यक्षात शेजारी शेजारी तीसेक बुडबुडे आणि रात्री एकपर्यंत जनरेटरची घरघर, वर झगझगीत दिवे. तारे बघायला आम्ही चादर घेऊन वाळूत अर्धा किलोमीटर चालत गेलो. नाव लिहीत नाही, पण तंबू निवडताना "रात्री दिवे कितीला बंद करता" हा प्रश्न आधी विचारा.

दिवस मात्र स्वर्ग. लाल वाळू, तिच्यातून सरळ वर आलेले वालुकाश्माचे सुळके, आणि खझाली घळीत भिंतीवर कोरलेली माणसं, शहामृगं, पावलांचे ठसे. जीपवाला म्हणाला, ही वाळवंटाची पाटी आहे, येणारा-जाणारा लिहून जायचा.

सुगरण_नसलेली

आम्ही गावातल्या एका कुटुंबाच्या लहान तळावर राहिलो, सहाच तंबू. रात्री झार्ब खाल्लं : वाळूत खड्डा, खाली निखारे, त्यात मांस आणि भाज्यांची चळत सोडून वरून वाळू लोटलेली. उघडताना सगळे गोल करून उभे राहतात, लग्नात अंतरपाट धरतात तितक्या गंभीरपणे.

तिथेही बाबांनी झरा गाठलाच. वादी रममध्ये वर वालुकाश्म आणि खाली ग्रॅनाइट. पावसाचं पाणी वालुकाश्मातून झिरपत खाली येतं, ग्रॅनाइटला अडतं आणि दोघांच्या सांध्यावर डोंगराच्या कडेने बाहेर पडतं. आइन शलाले झऱ्यापाशी गेलं की लांबूनच भिंतीवर हिरवी रेघ दिसते, पुदिना आणि अंजिराची. नबातियनांनी तिथूनही पाट काढून खाली नेलाय.

जलसंधी

आणि आज त्याच भागातून दिसी नावाच्या भूजलसाठ्याचं पाणी अम्मानला जातं. सव्वातीनशे किलोमीटरची जलवाहिनी, २०१३ ला सुरू झाली, वर्षाला दहा कोटी घनमीटर. पण ते हजारो वर्षांपूर्वी मुरलेलं पाणी आहे, पुन्हा भरत नाही. मुदत ठेव मोडून घरखर्च चालवण्यासारखं. म्हणून आता अकबाच्या समुद्राचं पाणी गोडं करून वर न्यायची योजना आखली आहे.

पिंपळपान

एक नाजूक विषय काढते. पेट्रात गाढवं आणि उंटांवर बसावं का? मी बघितलं तेव्हा मठाच्या पायऱ्यांवर एका दमलेल्या गाढवावर चांगला नव्वद किलोचा गृहस्थ बसला होता. वाईट वाटलं.

कावळा

बसू नये. घसरडा दगड, शेजारी दरी. गाढव चुकलं तर दोघंही गेले.

चष्मिष्ट

गाढवाच्या बाबतीत कावळा यांच्याशी सहमत (पहिल्यांदाच). पण दुसरी बाजूही आहे. ब्दुल जमातीची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या पेट्राच्या गुहांतच राहत होती. १९८५ ला पेट्रा जागतिक वारसा यादीत गेलं आणि त्याच सुमारास बहुतेकांना वरच्या उम्म सैहून वस्तीत हलवलं. गुहा गेल्या, हातात उरली पर्यटकांवरची गुजराण. त्यांच्याकडून चहा घ्या, जेवण घ्या, वाटाड्या म्हणून सोबत घ्या. जनावरावर बसायची गरज नाही. पोस्टकार्ड विकणाऱ्या शाळेच्या वयाच्या मुलांकडून मात्र काही घेऊ नका. पैसे मिळत राहिले की शाळा सुटते.

आजी_२.०

मुली, छान लिहिलंस. माझे गुडघे कुरकुरतात आणि मी शाकाहारी. जमेल का मला? उन्हाळ्यात नातवंडांना सुट्टी असते, तेव्हा जावं म्हणते.

सुगरण_नसलेली

आजी, नक्की जमेल, पण उन्हाळ्यात नको. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलैत वादी रम भाजून काढतं. हिवाळ्यात पेट्राला बर्फही पडतो कधी कधी.

गुडघ्यांसाठी : दारापासून खजिन्यापर्यंत विजेवर चालणारी गाडी मिळते, जुन्या घोडागाड्यांच्या जागी आता तीच. जाताना उतार आहे, येताना चढ, म्हणून परतीची आधी ठरवून ठेवा. "तिकिटात घोडा फुकट आहे" असं दारातच सांगतात. तो सिकच्या तोंडापर्यंतच नेतो आणि उतरल्यावर बक्षिसी मागतात, ती फुकट नसते. मठ सोडून द्या. त्याऐवजी छोटं पेट्रा बघा. तिकीट नाही, चढ फार नाही, गर्दी नाही, आणि एका खोलीच्या छतावर नबातियनांनी रंगवलेल्या द्राक्षवेली अजून दिसतात.

जेवण : हमस, फलाफेल, फूल (म्हणजे बाकल्याची उसळ म्हणा), वांग्याचं मुतब्बल, झातर लावलेली भाकरी, काकडी-टोमॅटो. आठ दिवस मी यावर आनंदाने काढले असते, नवऱ्याने मन्सफ मागवला नसता तर. फक्त भातावर दह्याचं काही ओतलं असेल तर विचारून घ्या, मन्सफचं दही मटणाच्या रश्श्यात शिजवलेलं असतं.

जलसंधी

एक इशारा, गंभीरपणे. पावसाची शक्यता असेल तर घळींत जाऊ नका. वरच्या डोंगरात पाऊस पडतो, तुमच्या डोक्यावर निळं आकाश असतं आणि लोंढा येतो. एप्रिल १९६३ मध्ये सिकमध्ये वीसहून अधिक फ्रेंच पर्यटक असेच वाहून गेले. त्यानंतर तोंडाशी बांध पुन्हा बांधला. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुरामुळे हजारो पर्यटकांना पेट्रातून बाहेर काढावं लागलं. वादी मुजीबची पाण्यातून चालायची वाट हिवाळ्यात बंद असते ती याचसाठी. दार बंद असेल तर कुणाच्या ओळखीने मागच्या वाटेने जाऊ नये.

सुगरण_नसलेली

हे वाचून बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे त्या लोकांनी बांध आणि बोगदा केला होता, तो मधल्या काळात कुणी राखला नाही." पुढे काही बोलले नाहीत. खात्यातलं काहीतरी आठवलं असावं.

पिंपळपान

पूर्वेकडचे वाळवंटी किल्ले कुणीच लिहिले नाहीत? कुसैर अम्रा बघाच. आठव्या शतकातलं, उमय्यद घराण्यातल्या राजपुत्राचं हमामखाना-कम-विश्रामगृह. बाहेरून विटकरी पेटी, आत भिंतीभर चित्रं : शिकार, नाचणाऱ्या बायका, वीणेसारखं वाद्य वाजवणारं अस्वल. गरम खोलीच्या घुमटात तारकापुंज रंगवलेत, पण आरशातल्यासारखे उलटे, बहुधा आकाशगोलावरून उतरवून घेतल्यामुळे. दारात विहीर आहे, जनावर फिरवून पाणी ओढायच्या जागेसकट.

तिथून पुढे अझ्रक. पाणथळ जागा, स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांचा थांबा. शहरांसाठी उपसा इतका झाला की १९९२ मध्ये झरे आटले. आता पंपाने पाणी सोडून पूर्वीच्या दहाव्या हिश्शाएवढा भाग जगवलाय. लाकडी पुलावरून चालताना एका बाजूला पाणी आणि म्हशी, दुसऱ्या बाजूला भेगाळलेला चिखल. तिथलाच, जगात दुसरीकडे नसलेला एक चिमुकला मासा थोडक्यात वाचला.

सुगरण_नसलेली

पिंपळपान, अझ्रक राहिलं हो. दिवस कमी पडले. त्याऐवजी राजमार्गाने खाली जाताना शोबकचा किल्ला केला, १११५ सालचा, क्रुसेडरांचा. त्यात डोंगराच्या पोटात उतरणारा अंधारा जिना आहे, साडेतीनशेहून अधिक पायऱ्या, खाली झरा. वेढा पडला तरी पाणी तुटू नये म्हणून. बाबांना मी हात जोडून वरच थांबवलं. ते अजून माझ्यावर नाराज आहेत.

निवांत_मी

सहा दिवसांचे आठ करतोय. ताई, फोटो कुठे आहेत? फोटोंशिवाय भटकंतीचा धागा म्हणजे मिठाशिवाय मृत समुद्र.

सुगरण_नसलेली

माझा फोन वादी रमच्या वाळूत गेला. नवरा समुद्रकाठी तोंडावर ओला रुमाल धरून बसला होता. त्यामुळे सगळे फोटो बाबांच्या फोनवर. कालच उतरवून घेतले, चारशे बारा आहेत. नळ्या, पाट, गाळाचे खड्डे, करवत, झरा, टाक्या आणि हॉटेलचे दोन नळ. खजिन्याचे तीन आहेत. त्यातल्या दोनांत बाबांचं बोट आलंय. तिसरा चढवते.

कावळा

नळ्यांचे चढवा.